कपाटात ट्यूबच बसणार

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज जावयाला ‘नाही’ म्हटलं. तेही त्याच्याच घरी, त्यानेच केलेला चहा पीत. भांडण ताजं असताना लिहून ठेवलेलं बरं, नंतर दोन्ही बाजू आपापल्या सोयीने आठवतात. म्हणून ही वही काढली.

झालं असं. लेक लाँड्री काढते आहे. सहा मशिनं. गिऱ्हाइकाने यायचं, स्वतः कपडे टाकायचे, चाळीस मिनिटं बसायचं आणि धुतलेले कपडे घेऊन जायचं. त्या चाळीस मिनिटांत माणसाने करायचं काय? म्हणून तिला कोपऱ्यात एक खेळाचं मशीन हवं आहे. उभं कपाट, एक दांडा, दोन बटणं, वर पडदा. तिच्या लहानपणी सिनेमाच्या आवारात असायचं तसं. मी म्हटलं, विकत कशाला आणतेस, मी करते. इथवर सगळं गोड होतं. मग जावई म्हणाला, “आई, पडदा चपटा घेऊ. हलका असतो, दोन स्क्रू मारले की झालं.”

मी म्हटलं, चपटा बसणार असेल तर मी नाही. ट्यूबच बसेल. काचेची.

त्याने लेकीकडे पाहिलं, लेकीने छताकडे.

बावीस वर्षं मी पिक्चर ट्यूबच्या कारखान्यात रंग जुळवले. ट्यूबमध्ये मागून तीन झोत येतात, लाल, हिरवा, निळा. तिन्ही बरोबर एकाच जागी पडले तर रेघ पांढरी दिसते. जरा चुकले की रेघेला रंगीत किनार सुटते. ती किनार शोधायची आणि ट्यूबच्या मानेवरच्या चुंबकाच्या कड्या फिरवून घालवायची, हे माझं काम. पाळीला ऐंशी ट्यूब. एका केसाचा फरक लांबून पकडायची म्हणून लाइनवर मला घार म्हणायचे. मग कारखाना बंद झाला. एका दुपारी आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि एका कोटवाल्याने सांगितलं की हे कसब आता जगात कुठेच लागणार नाही, तेव्हा विसरा आणि नवीन काही शिका. त्याला सतरा वर्षं झाली. नवीन मी पुष्कळ शिकले. विसरले मात्र काही नाही, आणि कोणाच्या सांगण्यावरून विसरणारही नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

भंगारवाल्याकडे दोन मॉनिटर मिळाले, एकवीस इंची. दोन्ही घेतले, एक अडीअडचणीला. मागची चिठ्ठी वाचायला गेले तर छपाई पार उडालेली. भंगारवाल्याला म्हटलं, बघा, तुम्हाला काही लागतंय का. त्याने घडाघडा वाचून दाखवली, अनुक्रमांकासकट. भंगारात राहून राहून सवय होत असेल.

ह्यांनी एक मॉनिटर उचलला आणि घरापर्यंत चकार शब्द काढला नाही. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, वाटेत बोलायचं नाही ही पाटी डोक्यात कायमची बसली आहे. घरी पोचल्यावर एवढंच म्हणाले, “दुसरा उद्या आणू.”

संध्याकाळी चालू करून पाहिला. जरा वेळ काढला त्याने, मग काच उजळली. केस उभे राहतात तो काचेजवळचा चरचराट हाताला लागला. सतरा वर्षांनी.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सुतारदादाशी वाजलं. मी सांगितलेली कपाटाची खोली बासष्ट सेंटिमीटर, त्याने केली पंचावन्न. म्हणतो, आजकाल सगळे एवढंच करायला सांगतात. मी म्हटलं, आजकालचे सगळे चपटे आहेत, आमची ट्यूब नाही. तिची मान मागे चार बोटं बाहेर येते. शेवटी मागच्या फळीला चौकोनी भोक पाडून त्यावर एक छोटी पेटी बसवायचं ठरलं. दिसायला पाठीवर दप्तर घेतल्यासारखं दिसतं. दिसू दे.

ट्यूब धरायला लोखंडी पट्ट्यांची चौकट. चार कान, चार बोल्ट. खुणा मी स्वतः पेन्सिलीने केल्या. दोन खुणा दोन-दोन मिलिमीटर चुकल्या. सुतारदादा म्हणाला, “ताई, रेघ इथे आहे, तुम्ही ठिपका तिथे दिलाय.” पेन्सिलच भिकार. टोक काढलं की दोन रेघा ओढते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

काम नाही, सुतारदादाचा रंग वाळतोय. तेव्हा तक्रारी लिहिते.

एक, हल्लीचे दिवे. किती पिवळे. पुढच्या खोलीतला बदलायला लावला, नवाही तसाच. दोन, रस्त्यावरच्या गाड्यांना असले दिवे लावतात की संध्याकाळी समोरून आली तर डोळ्यापुढे फुलबाजा उडतो. तीन, हे. काल न विचारता नवे कप आणले. आमचे पांढरे चांगले होते. हे आतून गडद निळे. म्हणे, दुधाची कड नीट दिसते. एवढ्या वयात ह्यांना दुधाची कड पाहायची हौस आली. परवापासून वर्तमानपत्रही मोठ्याने वाचतात, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. म्हटलं, हे काय नवीन? म्हणाले, “घसा मोकळा होतो.” जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी चिकटवली आहे, पाहुणे घसरू नयेत म्हणून. आमच्याकडे पाहुणे येतात कधी?

निवृत्त माणसाला काम पाहिजे. मला आहे. म्हणून मी कोणाच्या कपांच्या वाटेला जात नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

कपाट लाँड्रीत हललं. मागच्या पेटीमुळे आमच्या दारातून निघेना, पेटी काढून न्यावी लागली. आता पुढचं काम तिथेच, सहा मशिनांच्या शेजारी.

खेळ उभ्या पडद्याचा आहे. वरून किडे पडतात, खालून आपण उडवायचे. म्हणून ट्यूब आडवीची उभी करून बसवावी लागली. आम्ही तिघांनी धरली, मी, हे आणि जावई. बोल्ट आवळले. चालू केली तर एका कोपऱ्यात हिरवा डाग, दुसऱ्यात जांभळा, तेलाचा तवंग असावा तसा. जावई हळूच म्हणाला, “ट्यूब गेली वाटतं.” आवाजात दुःख नव्हतं.

पिशवीतून तारेचं वेटोळं काढलं, आमच्या लाइनवरचं, माझ्या हातचं. प्लग लावला आणि ते पडद्यासमोर गोल गोल फिरवलं. रंग पिसाळल्यासारखे धावले. वेटोळं फिरवत फिरवत मी मागे मागे गेले, पार दारापर्यंत, आणि बंद केलं. डाग गायब. ट्यूबचं तोंड फिरवलं की आतल्या जाळीत चुंबकपणा शिरतो, तो काढावा लागतो. एवढंच.

जावयाने विचारलं, “हे तुम्हाला कुठे शिकवलं?”
“जे विसरायला सांगितलं होतं ना, त्यातलं आहे,” मी म्हटलं.

खरं सांगायचं तर आज चालताना माझी मान जरा ताठच होती. तरी त्याने चपट्या पडद्याचा खोका आणून कोपऱ्यात ठेवलाच. “असू दे, असावा म्हणून.”

एक राहिलं. मी ट्यूबच्या मागे हात घालते तेव्हा हे मेन स्विचपाशी जाऊन उभे राहतात. ट्यूबमध्ये बंद केल्यावरही वीज साठून राहते हे मला माहीत नाही की काय? पहिला धडा तोच. पण उभे राहतात. राहू देत.

२ मार्च, सोमवार

जुळवणीला बसले. पडद्यावर चौकड्यांची पांढरी जाळी आणली. रेघांखाली सावली दिसते. प्रत्येक आडव्या रेघेखाली दुसरी, फिकी. कड्या फिरवल्या. लाल वर गेला, खाली आला. सावली तिथेच. तीन तास.

सुतारदादा बिजागरी लावायला आला होता. सकाळी म्हणाला होता, रेघा कशा स्वच्छ दिसतात. दुपारी म्हणाला, “ताई, आता रंगीत झाल्यात. मघाशी बऱ्या होत्या.” मी म्हटलं, दादा, तुम्ही लाकूड बघा.

नाचता येईना अंगण वाकडं, असं जावई मनात म्हणत असणार. मोठ्याने म्हणायची त्याची टाप नाही.

काल उद्घाटन व्हायचं होतं. लेकीने पंधरा तारखेवर ढकललं. पाण्याच्या जोडणीची परवानगी अजून आली नाही म्हणे. तिकडे दोन मशिनांत खिडक्यांचे पडदे धुवून निघत होते, पाणी चांगलं धो धो येत होतं. पण सरकारी कामं ही, पाणी आधी येतं आणि कागद मागून. मला काय, दोन आठवडे जास्तीचे मिळाले.

५ मार्च, गुरुवार

क्रमाने लिहिते. आम्हाला तसंच शिकवलं होतं. दोष सापडेना तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

खेळाचा बोर्ड बदलला. सावली तीच. वीजपुरवठा बदलला. तीच. मॉनिटरच बदलला, दुसरा लावला. ट्यूब वेगळी, कड्या वेगळ्या, सावली तीच आणि तेवढीच. दोन वेगळ्या ट्यूबना हुबेहूब एकच दोष असत नाही.

मग मी मान वाकडी केली. काही ठरवून नाही, मान अवघडली होती म्हणून. मान वाकडी केली तशी रेघेखालची सावलीही वाकडी झाली. सरळ केली, ती सरळ झाली. पडदा तर जागचा हलला नव्हता.

डावा डोळा झाकला. सावली स्पष्ट. उजवा झाकला. सावली गेली, पण सगळं चहाच्या पाण्यातून बघावं तसं. वरच्या ट्यूबलाइटकडे पाहिलं. तिलाही सावली. भिंतीवरच्या पाटीलाही.

सगळं बदलून झालं होतं. बदलायची एकच वस्तू उरली होती, बघणारी.

मशीन बंद केलं, झाकण लावलं, घरी आले. ह्यांना सांगितलं, पाठ दुखते.

६ मार्च, शुक्रवार

माझी आई शेवटची सहा वर्षं भिंतीला हात लावून चालली. भिंतीवर कमरेच्या उंचीला एक काळा पट्टा पडला होता. ती गेल्यावर मीच तो पुसला.

कोणाला सांगायचं नाही. सांगितलं की पहिल्यांदा काढून घेतील तो स्क्रूड्रायव्हर. मग जिना. मग स्वयंपाकघर.

आता कळतं, ते निळे कप कशासाठी. ती पट्टी. तो घसा. ह्या माणसाला माहीत होतं आणि हा बोलला नाही. राग करावा की काय करावं कळत नाही. दुपारी त्यांनी पेपर वाचला. मी शेवटच्या पानापर्यंत ऐकला.

७ मार्च, शनिवार

लाँड्रीत कोणी नसताना चपट्या पडद्याचा खोका उघडला. खरं लिहायचं तर सगळंच लिहिते. बाहेर काढला, चौकटीपुढे धरून पाहिला. बसतो. दोन स्क्रू. माझ्या डोळ्यांची गरजच नाही, कोणाच्याच नाही. पंधरा तारीख तोंडावर आली आहे, लेकीचं नवं दुकान, आणि मी एका काचेसाठी हटून बसले आहे. तो कोटवाला असता तर म्हणाला असता, बघा, सांगितलं नव्हतं का.

तो कोटवाला आठवला म्हणूनच परत खोक्यात घातला. चिकटपट्टीसुद्धा होती तशी लावली.

१० मार्च, मंगळवार

काल एकटीने परत प्रयत्न केला. एक डोळा झाकून, भिंग लावून. सगळं अजून बिघडलं. आज सकाळी कड्यांना हात घालून बसले होते, लेक आत आली. तिने एक खुर्ची ओढली आणि पडद्यासमोर बसली. मी मागे, पेटीपाशी. मधे कपाट, त्यामुळे एकमेकींची तोंडं दिसत नव्हती. बरंच झालं.

“आई, तुला दिसत नाहीये ना?”

“दिसतं,” मी म्हटलं. “चुकीचं दिसतं.”

शेजारी एक मशीन पाणी सोडत होतं. मला वाटलं आता रडेल, मग डॉक्टर, मग उपदेश. ती म्हणाली, “लहानपणी मला तुझ्या डोळ्यांची भीती वाटायची. मी वही उघडायच्या आत तुला चूक दिसायची. दुसऱ्या पाळीहून यायचीस, चप्पल काढायच्या आत म्हणायचीस, फ्रॉकचं तिसरं बटण.”

तिसरं बटण खरंच नसायचं.

“मग आता काय करायचं?” तिने विचारलं.
“तू बघायचं. मी फिरवायचं.”
“मला नाही येत.”
“तुझे डोळे माझेच आहेत. मधली रेघ बघ. पांढरी आहे का?”
“नाही. वर लाल दिसतंय.”
“किती?”
“थोडं.”
“थोडं हा शब्द लाइनवर चालत नाही. नखाएवढं, दोऱ्याएवढं, केसाएवढं?”
“दोऱ्याएवढं.”

कडी फिरवली. हाताला अजून कळतं, बोटं काही आंधळी होत नाहीत. “आता?” “केसाएवढं.” “आता?” “गेलं. थांब, खाली हिरवं आलं.” असं चाललं. मधे दोनदा भांडलो. ती म्हणाली, पुरे, छान दिसतंय. मी म्हटलं, छान म्हणजे काय ते मला सांगू नकोस, रंग सांग. तिने खुर्ची मागे ढकलली, उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. मधला भाग झाला, मग कोपरे. कोपऱ्यांसाठी ट्यूबच्या मानेवरच्या तांब्याच्या कॉइलखाली रबराच्या पाचरी सारायच्या. एकेक पाचर सारली की ती चारही कोपऱ्यांचं सांगायची. एक सुधारला की दुसरा रुसायचा. दुपारी जेवण राहिलं.

शेवटची पाचर सारली. मी विचारलं, आता?

“पांढरी आहे,” ती म्हणाली. “सगळी जाळी पांढरी आहे, आई.”

मी पुढे येऊन पाहिलं. मला सावलीच दिसली. तरी मी मान डोलावली. तिच्या शब्दावर मी ट्यूब पास केली. आयुष्यात पहिल्यांदा न बघता.

१२ मार्च, गुरुवार

डॉक्टरीणबाईंकडे लेक घेऊन गेली. मी निघताना ह्यांनी छत्री हातात दिली, आकाश कोरडं ठणठणीत असताना. काठी देण्याचं धाडस झालं नसेल.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. आधी उजवा करायचा, वीस मिनिटांचं काम. मी आईचं विचारलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं, नळीतून, दिव्यातून, हवा मारून, आणि म्हणाल्या, आईचं जे काही होतं त्याचं तुमच्यात काही दिसत नाही. मला एकदम इतकं हलकं वाटलं की लाज वाटली. सहा दिवस मी आंधळी होऊन बसले होते.

त्या म्हणाल्या, परवाच करून टाकू. मी म्हटलं, परवा नाही. पंधराला उद्घाटन आहे, मी पट्टी बांधून कोपऱ्यात बसणार नाही. त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, “माझ्याकडे बघू नका. ती माझं ऐकत असती तर कपाट अर्ध्या वजनाचं झालं असतं.”

१५ मार्च, रविवार

उद्घाटन झालं. रिबीन वगैरे काही नाही, दार उघडलं आणि माणसं आत आली. दुपारपर्यंत सहाही मशिनं भरली. खेळापुढे रांग लागली, त्यात कपडे न आणलेलेही होते. एक कुरियरवाला पाकीट द्यायला आला आणि पाऊण तास किडे मारत बसला.

एका बाईने विचारलं, पडदा असा मऊ कसा दिसतो, घरच्यासारखा टोचत नाही. मी उत्तर द्यायच्या आधी जावईच सांगायला लागला, तीन झोत, चुंबक, पाचरी. अर्धं चुकीचं सांगत होता. मी दुरुस्त केलं. खोका परत करून आला म्हणाला. मी ‘बरं’ म्हटलं. जास्त बोलून माणसाला लाजवू नये.

४ एप्रिल, शनिवार

उजव्या डोळ्याचं चोवीसला झालं. दहा दिवस थेंब, काळा चष्मा, ह्यांचा पेपर. आज पहिल्यांदा लाँड्रीत गेले.

निळा रंग हा असा असतो! आमच्या दाराला निळा रंग आहे, मी त्याला राखाडी समजत होते. ह्यांच्या शर्टाची कॉलर विरली आहे, हेही आजच कळलं. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “झालं सुरू,” आणि हसले. ते इतके हसलेले मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. किंवा हसत असतील, मला दिसत नसेल.

खेळावर एक आजोबा होते, त्यांच्या चादरी फिरत होत्या. मी मागे उभी राहून पाहिलं. सावली नाही. काळ्यावर एकेक किडा सुटा, रसरशीत, कडा शिवल्यासारख्या. मधला भाग निर्दोष. वरचे दोन्ही कोपरे निर्दोष. चार तासांत, पहिल्याच खेपेला. आमच्याकडे वर्षभर शिकलेल्या मुलींना हे जमत नसे. लेकीला सांगायला वळले, आणि खालचा डावा कोपरा दिसला.

“लाल अर्ध्या केसाने वर आहे,” मी म्हटलं.

लेक काउंटरवरून उठलीसुद्धा नाही. “आई, तीन आठवडे माणसं खेळतायत. कुणाला दिसतंय ते?”

“मला.”

“डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलंय.”

ट्यूबची मान माझ्या छातीच्या उंचीला आहे, वाकावं लागत नाही. हे मी तिला सांगितलं. आजोबांचे खेळातले दोन जीव उरले होते, ते संपेपर्यंत मी खुर्चीत बसून राहिले. घाई करू नका म्हटलं त्यांना. मग मशीन बंद केलं, त्यांना त्यांच्या चादरींकडे पाठवलं आणि मागची पेटी उघडली.